सायबर सुरक्षेच्या स्पर्धेसाठी पहिला व्हिडिओ: ठाणे-नवी मुंबईतल्या शाळा, कॉलेज आणि सोसायट्यांसाठी

ऑनलाइन फसवणुकीबद्दल जागृती करणाऱ्या व्हिडिओ स्पर्धा आता फक्त शाळा-कॉलेजांपुरत्या राहिलेल्या नाहीत. ज्येष्ठ नागरिक संघ, बचत गट, सोसायट्यांच्या कमिट्या, गणेशोत्सव मंडळं यांच्यासाठीही 'समुदाय' असा वेगळा गट ठेवला जातो. फेब्रुवारीतल्या दुसऱ्या आठवड्यात मंगळवारी येणारा 'सेफर इंटरनेट डे' आणि ऑक्टोबरचा सायबर सुरक्षा जागृती महिना, बहुधा याच सुमारास त्या जाहीर होतात. ज्यांनी आजवर वाढदिवसापलीकडे काही शूट केलेलं नाही त्यांच्यासाठी हा लेख आहे. दोन साधे फोन, चार-पाच माणसं आणि तीन आठवडे हाताशी आहेत असं धरलंय.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. अशा स्पर्धांतले बरेच व्हिडिओ फक्त घाबरवतात. काळा हूडी घातलेला हॅकर, पडद्यावर हिरवे आकडे, रडणारं कुटुंब आणि शेवटी 'सावध राहा' अशी पाटी. पाहणारा घाबरतो, पण उद्या दुपारी तसाच फोन आला तर नेमकं काय करायचं ते त्याला कळलेलं नसतं. तुमच्या व्हिडिओत ती कृती दिसली पाहिजे. फोन कट करणारं बोट, वीजबिलावरचा नंबर शोधणारे हात, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० डायल करणारी मुलगी. परीक्षक ते शोधतात, आणि ज्या आजोबांसाठी हे सगळं करायचं त्यांनाही तेच हवं असतं.

नियमपत्रक दोनदा वाचा

नियमपत्रकाची प्रिंट काढा आणि पाच गोष्टींखाली पेनाने रेघ ओढा: कमाल वेळ, आडवा की उभा व्हिडिओ, भाषा, वयोगट आणि फाइल कशी द्यायची. वेळेची मर्यादा बहुतेक ठिकाणी शेवटच्या नावांसकट मोजतात. ९० सेकंदांची मर्यादा असेल तर तुमची गोष्ट ८० सेकंदांतच बसवा. आडवा मागितलेला असताना उभा शूट केला तर नंतर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात किंवा कापाकापीत डोकी उडतात. यावर नंतर इलाज नाही. मराठी व्हिडिओला इंग्रजी सबटायटल सक्तीचे आहेत का, तेही आत्ताच पाहून ठेवा.

एक फसवणूक, एक माणूस, एक कृती

दीड मिनिटात ओटीपी, पासवर्ड, बनावट नोकरी आणि फेसबुक हॅकिंग असं सगळं कोंबलं तर त्यातलं काहीच लक्षात राहत नाही. एकच फसवणूक निवडा. ती कुणाच्या बाबतीत घडते ते ठरवा, आणि त्या माणसाने कोणत्या क्षणी काय करायला हवं ते एका वाक्यात लिहा. हे वाक्य लिहिता येत नसेल तर विषय अजून ठरलेला नाही.

विषय आपल्या आजूबाजूला भरपूर आहेत. शाळेच्या गटासाठी गेममधल्या 'फ्री डायमंड'ची लिंक, अनोळखी माणसाची फ्रेंड रिक्वेस्ट, वर्गाच्या ग्रुपवर कुणाचा तरी बदललेला फोटो फिरणं. कॉलेजच्या गटाने टेलिग्रामवरच्या 'टास्क'च्या कामाचा विचार करावा. आधी दीडशे रुपये खरोखर देतात, मग 'प्रीपेड टास्क' म्हणून हजारो भरायला लावतात. त्याहूनही दुर्लक्षित विषय म्हणजे भाड्याने दिलेलं बँक खातं. 'तुझं खातं महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो' असं सांगून चोरीचे पैसे त्या खात्यातून फिरवतात. खातं गोठतं आणि पोलीस पहिल्यांदा येतात ते खातेदाराच्या दारात. हा विषय फार थोडे जण घेतात, आणि कॉलेजच्या मुलांना त्याची गरज सर्वात जास्त आहे असं आमचं स्पष्ट मत आहे.

ज्येष्ठांसाठी 'डिजिटल अरेस्ट' (खोट्या पोलिसाने व्हिडिओ कॉलवर केलेली 'अटक'), वीज तोडण्याची धमकी, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचा खोटा फोन. फेरीवाले आणि दुकानदारांसाठी बदललेला क्यूआर स्टिकर. वागळे इस्टेट किंवा तुर्भे-महापे पट्ट्यातल्या कामगारांसाठी झटपट कर्जाची ॲप. दिवे किंवा ऐरोलीच्या कोळीवाड्यातला गट असेल तर संवाद आगरी-कोळी बोलीतच ठेवा, सबटायटल प्रमाण मराठीत द्या. घरात बोलतात ती भाषा कानावर पडली की माणूस जास्त लक्ष देऊन ऐकतो.

माहिती तपासण्यासाठी एक माणूस नेमा

दिग्दर्शक आणि कॅमेरा नेमायचं सगळ्यांना सुचतं, माहिती तपासणारा नेमायचं सुचत नाही. स्क्रिप्टमधलं प्रत्येक विधान त्याने अधिकृत ठिकाणी पडताळायचं. चुकीची माहिती देणारा जागृती व्हिडिओ नुकसानच करतो.

नेहमी लागणाऱ्या गोष्टी इथे देतो. आर्थिक सायबर फसवणुकीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १९३०. जुन्या व्हिडिओंमध्ये १५५२६० हा नंबर दिसतो, तो आता वापरायचा नाही. लेखी तक्रारीसाठी केंद्रीय गृहमंत्रालयाचं पोर्टल सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन. संकटातल्या मुलांसाठी १०९८, तातडीच्या मदतीसाठी ११२. पैसे गेलेले नाहीत पण संशयास्पद फोन किंवा मेसेज आला आहे, तर दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी'वरच्या 'चक्षू'मध्ये नोंद करता येते.

यूपीआयचा पिन पैसे देताना किंवा शिल्लक पाहताना लागतो, पैसे घेताना कधीच नाही. हे वाक्य आजही शंभर टक्के खरं आहे. पण 'अनोळखी माणसाने पैशांची रिक्वेस्ट पाठवली' हा प्रसंग आता जुना झाला, कारण १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसरीकडे पैसे मागण्याची ती सोय बंद झाली आहे. जुन्या स्क्रिप्ट उचलल्या की अशा चुका होतात. 'डिजिटल अरेस्ट' असा कुठलाही प्रकार आपल्या कायद्यात नाही. पोलीस, सीबीआय किंवा ईडी व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक करत नाहीत. बँकांच्या संकेतस्थळांसाठी रिझर्व्ह बँकेने 'डॉट बँक डॉट इन' हा वेगळा पत्ता आणला आहे, त्यामुळे 'पत्त्यात कुलूप दिसलं की साइट खरी' हा सल्लाही आता देऊ नका. ते कुलूप चोराच्या साइटलाही मिळतं.

१९३० दाखवणार असाल तर फोन लावताना हाताशी काय ठेवायचं तेही दाखवा: व्यवहाराचा १२ अंकी संदर्भ क्रमांक, रक्कम, वेळ, कुठल्या खात्यातून गेले ते, समोरच्याचा नंबर आणि स्क्रीनशॉट. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात मिनिटांत फिरवतात. म्हणून आधी फोन, नंतर पोर्टलवर तक्रार पूर्ण करायची. 'आधी घरच्यांशी बोलू, उद्या बँकेत जाऊ' यात वेळ जातो आणि पैसे अडवता येत नाहीत. हा क्रम दहा सेकंदांत दाखवता येतो.

आणखी एक बारकावा. ठाणे आणि नवी मुंबई ही दोन वेगवेगळी पोलीस आयुक्तालयं आहेत आणि दोन्हीकडे स्वतंत्र सायबर पोलीस ठाणी आहेत. नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या माणसाला ठाणे शहराच्या पोलीस ठाण्यात पाठवणारा संवाद लिहू नका. वीजबिलाचा विषय असेल तर बहुतेक भागाला महावितरण लागू आहे, पण कळवा-मुंब्रा-शीळ पट्ट्यात बिल टोरंट पॉवरचं येतं. प्रेक्षकाच्या हातातलं बिल आणि तुमच्या व्हिडिओतलं बिल जुळायला हवं.

स्क्रिप्ट: चोराला हुशार लिहा

मराठीत सावकाश, समजेल असं बोललं तर मिनिटाला साधारण १२० शब्द होतात. ९० सेकंदांच्या व्हिडिओत २०-२५ सेकंद शांतता, स्क्रीन आणि हालचालीत जातात. उरलेल्या वेळात १३० शब्द बसतात, त्याहून जास्त नको. लिहून झालं की घड्याळ लावून मोठ्याने वाचा.

चोर मूर्ख दाखवला तर पाहणारा म्हणतो, 'मी नसतो फसलो.' खरा चोर काय करतो ते पाहा:

आवाज: मॅडम, वीज कंपनीतून बोलतोय. मागचं बिल सिस्टीमला अपडेट झालेलं नाही. रात्री साडेनऊला लाइट कट होईल.
काकू: अहो, पाच तारखेलाच भरलंय मी!
आवाज: हो मॅडम, भरलंय तुम्ही, मला दिसतंय. फक्त अपडेट राहिलंय. एक ॲप पाठवतो, त्यात दहा रुपये टाका, पाच मिनिटांत होईल.

तिसऱ्या वाक्यात सगळी फसवणूक आहे. तो भांडत नाही, काकूंचं म्हणणं मान्य करतो. रक्कम इतकी लहान की कुणी विचारही करणार नाही. आणि खरा डाव त्या दहा रुपयांत नाहीच, ॲपमध्ये आहे. व्हॉट्सॲपवर आलेली ती एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवणारी फाइल) एसएमएस वाचायची परवानगी मागते, किंवा फोनची स्क्रीन पलीकडे दाखवते. मग ओटीपी काकूंनी सांगायची गरजच उरत नाही. लग्नाच्या पत्रिकेच्या आणि वाहनाच्या चलनाच्या नावाने येणाऱ्या फाइलही हेच काम करतात.

आता काकूंची कृती. घाबरून ओरडणं नको, भाषण नको.

काकू: ठेवा तुम्ही. मी बिलावरच्या नंबरवर विचारते.

कॅमेरा काकूंच्या हातावर. फोन कट. ड्रॉवरमधून कागदी बिल बाहेर येतं, त्यावरच्या हेल्पलाइन नंबरावर बोट टेकतं. या शॉटला पाच-सहा सेकंद द्या. अख्ख्या व्हिडिओतला सर्वात महत्त्वाचा शॉट हाच आहे.

फसलेल्या माणसाला मूर्ख ठरवणारा एकही संवाद ठेवू नका. 'एवढं शिकून पण फसलास!' हे वाक्य विनोदी वाटतं, पण त्याच लाजेपायी माणसं तक्रार करायला उशीर लावतात. शाळेच्या मुलांच्या व्हिडिओत तर हे फारच जपा. मुलगा किंवा मुलगी आईबाबांना सांगते आणि आईबाबा आधी रागावत नाहीत, एवढं जरी दाखवलंत तरी मोठं काम होतं. खाजगी फोटोवरून धमकावण्याचा विषय असेल तर 'पैसे देऊ नको, ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट घे, मोठ्यांना सांग' हा क्रम सांगा. अठरा वर्षांखालच्यांचे असे फोटो पसरू नयेत म्हणून 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा आहे. फोटो तिथे चढवावा लागत नाही, फोनमध्येच त्याचा डिजिटल ठसा, म्हणजे एक सांकेतिक क्रमांक, तयार होतो आणि तेवढाच जातो. प्रौढांसाठी तसंच काम 'स्टॉप एनसीआयआय' करतं. खऱ्या घटनेवरून गोष्ट घेतली असेल तर नाव, शाळा, इमारत, गावही बदला. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडित मुलाची ओळख उघड करणं पॉक्सो कायद्याच्या कलम २३ प्रमाणे गुन्हा आहे.

संमती आणि ओळख

ऑनलाइन सुरक्षेच्या व्हिडिओनेच मुलांची माहिती उघडी पाडावी, हे वारंवार घडतं. गणवेशावरचा शाळेचा बिल्ला, गळ्यातलं ओळखपत्र, मागे सोसायटीची पाटी, दारावरचं आडनाव, स्कूटरची नंबरप्लेट. हे सगळं एकत्र केलं की ते मूल कुठे राहतं ते कुणालाही कळतं. साधे कपडे घाला, बिल्ले काढा, पाटीवर कॅलेंडर टांगा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करा, नाहीतर मूळ फाइलमध्ये घराचं ठिकाण नोंदलं जातं.

अठरा वर्षांखालच्या प्रत्येकासाठी पालकांची लेखी संमती घ्या. एका पानात व्हिडिओचा विषय, तो कुठे कुठे दाखवला जाईल, मुलाचं नाव श्रेयनामावलीत येईल की नाही, आणि काढून टाकायला सांगायचं असेल तर कुणाला फोन करायचा, एवढं पुरे. व्हॉट्सॲपवरचा अंगठा संमती म्हणून धरू नका. मागून जाताना दिसलेल्या वॉचमनकाकांनाही विचारा.

खऱ्या बँकेचा लोगो, अशोकस्तंभाचं राजचिन्ह, पोलिसांचा गणवेश, यांच्या वाटेला जाऊ नका. राजचिन्हाच्या गैरवापरावर २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. खोटा पोलीस दाखवायचा तर फोनच्या स्क्रीनवर अर्धवट खांदा आणि आवाज पुरतो. 'आपली बँक' असं काल्पनिक नाव घ्या, पण त्या नावाची बँक खरंच नाही ना ते आधी शोधून पाहा.

पडद्यावर कधीही चालू मोबाइल नंबर, चालू क्यूआर किंवा खरी लिंक दाखवू नका. नंबराचे शेवटचे सहा अंक फुल्या करा. क्यूआरचा मधला तुकडा झाका आणि तो स्कॅन होत नाही हे दुसऱ्या फोनवर तपासा. पाहणारे उत्सुकतेने स्कॅन करतात. लिंक लिहायचीच असेल तर 'एक्झाम्पल डॉट कॉम' वापरा. हा पत्ता असल्या उदाहरणांसाठीच राखून ठेवलेला आहे.

शूटिंग: आधी आवाज, मग चित्र

चित्र थोडं मऊ असलं तरी लोक पाहतात. आवाज कळला नाही तर पुढे सरकतात. फोनचा माइक बोलणाऱ्यापासून एक-दीड फुटापेक्षा लांब गेला की खोलीचा घुमारा शब्दांवर चढतो. म्हणून कॅमेऱ्याचा फोन वेगळा आणि आवाजाचा फोन वेगळा ठेवा. दुसऱ्या फोनवर रेकॉर्डर चालू करून तो बोलणाऱ्याच्या शर्टाच्या खिशात किंवा टेबलावर पुस्तकामागे ठेवा. प्रत्येक टेकच्या सुरुवातीला एकदा टाळी वाजवा. एडिटिंगमध्ये चित्रातली टाळी आणि आवाजाच्या आलेखातलं तिचं टोक जुळवलं की दोन्ही एकत्र बसतात.

पाचसहाशे रुपयांचा वायरचा कॉलर माइक घेणार असाल तर त्याच्या पिनवरचे काळे पट्टे मोजा. तीन पट्टे असतील तर तो फोनला चालतो. दोन असतील तर तो कॅमेऱ्यासाठीचा असतो, फोन त्याला ओळखत नाही आणि स्वतःच्याच माइकने रेकॉर्ड करतो. हे शूटिंग संपल्यावरच लक्षात येतं. ज्या फोनला इअरफोनची गोल जागाच नाही त्याला जोडणी वेगळी लागते. पहिल्या टेकआधी माइकवर नख घासा आणि रेकॉर्डिंग ऐका. घासण्याचा आवाज मोठा आला तरच माइक चालू आहे.

पंखा आणि फ्रिज बंद करा (फ्रिज परत चालू करायची आठवण म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा). रिकाम्या हॉलमध्ये घुमतं, गाद्या-पडद्यांच्या बेडरूममध्ये घुमत नाही. घोडबंदर रोड किंवा ठाणे-बेलापूर रोडला लागून असलेल्या इमारतीत रस्त्याकडची खोली घेऊ नका, जड वाहनांची घरघर एडिटिंगमध्ये निघत नाही. पावसाळ्यात पत्र्याच्या शेडखालच्या घरात शूटिंग ठेवूच नका.

बाहेरचे शॉट शक्यतो टाळा. तलावपाळीला किंवा पाम बीच रोडला ट्रायपॉड लावला की बघे जमतात, मागे अनोळखी चेहरे येतात. उद्यानांत पालिकेची परवानगी विचारावी लागते. ठाणे स्टेशनच्या फलाटावर शूटिंगला रेल्वेची परवानगी लागते. 'फक्त फोन तर आहे' हे कारण चालत नाही. फसवणूक बहुतेक घरातच घडते. जिना, स्वयंपाकघर, सोसायटीचं ऑफिस पुरतं.

फोनमध्ये १०८० पिक्सेल निवडा, ४के नको. फाइल कितीतरी मोठी होते आणि जुना फोन अर्ध्यातच गरम होऊन बंद पडतो. शूटिंगआधी किमान १० जीबी जागा मोकळी करा, एअरप्लेन मोड लावा. लेन्स सुती कापडाने पुसा. खिशातल्या फोनची लेन्स तेलकट असते आणि मग खिडकी धुरकट दिसते. खिडकी माणसाच्या पाठीमागे कधीच नको, बाजूला हवी.

चित्रात काळे पट्टे वरून खाली सरकताना दिसले तर दोष दिव्यांचा आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असते, त्यामुळे स्वस्त एलईडी पट्ट्या सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त उजळतात. फोनमध्ये 'प्रो' मोड असेल तर शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा आणि सेकंदाला २५ फ्रेम मिळत असतील तर २५ घ्या. तो मोड नसेल तर दिवे बंद करून सकाळी खिडकीच्या उजेडात शूट करा.

फोनची स्क्रीन कशी दाखवायची

या विषयाच्या व्हिडिओत सर्वात जास्त गोंधळ इथे होतो. यूपीआय किंवा बँकेच्या ॲपचं स्क्रीन रेकॉर्डिंग केलं तर नुसती काळी स्क्रीन मिळते, कारण ती ॲप सुरक्षेसाठी रेकॉर्डिंग अडवतात. अडवलेलंच बरं आहे, पळवाट शोधू नका. तशी दिसणारी स्क्रीन एखाद्या स्लाइड बनवायच्या ॲपमध्ये उभ्या आकारात काढा आणि तिचं चित्र फोनवर पूर्ण पडदाभर उघडा. कोपऱ्यात 'काल्पनिक' असं लहान लिहा. चॅट दाखवायचं तर घरातले दोन फोन घ्या, संपर्काची नावं बदला, 'डू नॉट डिस्टर्ब' लावा. नाहीतर शॉटच्या मधोमध खरा ओटीपी किंवा कुणाचा तरी खाजगी मेसेज वर झळकतो आणि तो अपलोड झाल्यावर कळतो.

दुसऱ्या फोनने स्क्रीन शूट करताना ब्राइटनेस ६०-७० टक्के ठेवा. फार कमी केला तर अमोलेड स्क्रीन लुकलुकते, पूर्ण ठेवला तर अक्षरं पांढरी फटक होतात. स्क्रीनवर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करा. कॅमेरा किंचित तिरपा धरा म्हणजे जाळीदार नक्षी आणि स्वतःचं प्रतिबिंब दोन्ही जातात. मेसेज दोनदा मनात वाचून होईल इतका वेळ शॉट चालू ठेवा.

एडिटिंग आणि मराठी अक्षरं

कॅपकट भारतात बंद आहे. लॅपटॉप असेल तर डाविंची रिझॉल्व्ह किंवा केडेनलाइव्ह मोफत आहेत. फोनवर काइनमास्टर, इनशॉटसारखी ॲप चालतात, मात्र मोफत आवृत्तीत वॉटरमार्क येतो का आणि नियम तो चालवून घेतात का ते पाहा. वॉटरमार्क घालवण्यासाठी टेलिग्रामवरून 'मॉड' (कुणीतरी फेरफार केलेली) एपीके उतरवणं म्हणजे व्हिडिओत जे करू नका सांगताय नेमकं तेच करणं. ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्या.

काही ॲपमध्ये मराठी मोडतं. जोडाक्षरं सुटतात, पहिली वेलांटी चुकीच्या अक्षरावर बसते. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधून चिकटवलेला मजकूर तर निरर्थक चिन्हांत बदलतो. युनिकोडमध्ये (फोनच्या नेहमीच्या मराठी कीबोर्डवर) टाइप करा आणि 'मुक्ता' किंवा 'बालू' हे मोफत फॉन्ट घ्या. चाचणीसाठी एक ओळ लिहून पाहा: 'दुसऱ्याच्या फोनवर क्लिक, ळ, ज्ञ, श्रीमती'. यातला 'ऱ्या' नीट दिसला तर बाकी बहुतेक ठीक येतं. नाहीच जमलं तर पाटी चित्र म्हणून बनवून व्हिडिओवर ठेवा.

सबटायटल जास्तीत जास्त दोन ओळींचे, पांढरी अक्षरं, मागे गडद पट्टी. खालचा पाचवा हिस्सा मोकळा सोडा, तिथे यूट्यूब आणि रील्सची बटणं येतात. १९३० हा आकडा किमान चार सेकंद, पडद्याच्या मध्यभागी, मोठा. आणि तो कुणीतरी बोलूनही दाखवा: 'एक-नऊ-तीन-शून्य'. वाचता न येणाऱ्या किंवा चष्मा नसलेल्या माणसालाही तो कळला पाहिजे.

सिनेमातलं गाणं दहा सेकंदही नको. 'तीस सेकंदांपर्यंत चालतं' असा कुठलाही नियम नाही. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं संगीत घ्या आणि संवादाखाली ते इतकं हळू ठेवा की फोनच्या स्पीकरवर जेमतेम जाणवेल. एआयने आवाज किंवा चेहरा बनवला असेल तर तसं पडद्यावर लिहा. यूट्यूबवर चढवतानाही ते जाहीर करावं लागतं.

पाठवण्याआधी दोन प्रेक्षक

एक साठीपुढचा माणूस आणि एक बारा-तेरा वर्षांचं मूल. दोघांना व्हिडिओ फोनवर एकदाच दाखवा, मध्ये काही समजावू नका. मग एवढंच विचारा: 'असा फोन आला तर तुम्ही पहिलं काय कराल?' उत्तर तुमच्या त्या एका वाक्याशी जुळलं तर काम झालं. 'सावध राहीन' असं उत्तर आलं तर कृतीचा शॉट लांबवा आणि मागचं-पुढचं कापा. हे करायला मुदतीआधी चार दिवस हातात ठेवा.

फाइल देणं

एडिटिंग ॲपमधून अंतिम फाइल काढताना हे सेटिंग ठेवा: एमपी४ फाइल, एच.२६४ प्रकार, १०८० पिक्सेल, सेकंदाला १० मेगाबिट. दोन मिनिटांच्या फाइलचे साधारण १५० एमबी होतात. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलात तर तो दाबून लहान होतो आणि अक्षरं फुटतात; पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत, मोकळी जागा न सोडता ठेवा, काही पोर्टल देवनागरी नाव घेत नाहीत.

ड्राइव्हची लिंक द्यायची असेल तर परवानगी 'लिंक असलेल्या कुणालाही' अशी करा. शाळेच्या खात्यावर बाहेरच्यांना पाहायची मनाई असू शकते, मग वैयक्तिक खातं वापरा. यूट्यूबवर 'प्रायव्हेट' ठेवला तर परीक्षकांना दिसत नाही, 'अनलिस्टेड' हवा. लिंक पाठवण्याआधी दुसऱ्याच्या फोनवर, कुठलंही खातं न उघडलेल्या खिडकीत चालवून पाहा. पोर्टलवर शेवटच्या रात्री गर्दी होते, म्हणून आदल्या दिवशी दुपारीच चढवा आणि पोचपावतीचा स्क्रीनशॉट ठेवा. निकाल लागेपर्यंत मूळ क्लिप आणि संमतीपत्रं पुसू नका, मागवली जातात.

व्हिडिओ सार्वजनिक केलात आणि त्यात लहान मुलं असतील तर कमेंट बंद ठेवा. मोठ्यांच्या व्हिडिओला कमेंट चालू ठेवल्यात तर रोज एकदा वाचा. 'माझे पैसे गेले' असं कुणी लिहिलं तर त्याला १९३० आणि पोर्टल सांगा, रक्कम किंवा बँकेचं नाव तिथे विचारू नका. अशा कमेंटखाली 'अमुक सरांनी माझे पैसे परत मिळवून दिले, त्यांना मेसेज करा' असं लिहिणारे हटकून येतात. ते त्याच फसलेल्या माणसाला दुसऱ्यांदा लुटायला टपलेले असतात. ती कमेंट दिसताच काढून टाका आणि लिहिणाऱ्याला ब्लॉक करा.